वितोशा उतरायचे टायर

सोफियातल्या सायकलच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे साठीची एक बाई आणि तिचा मुलगा उभा होता.

"आई, या वेळी गुळगुळीत टायर घे. शहरात फिर हवं तेवढं. वितोशा डोंगर आता पुरे."

"का रे ल्युबेन? रविवारी पडले म्हणून?"

"कोपर बघ किती सोलवटलंय!"

"टायर झिजले होते, म्हणून ओल्या पानांवर घसरले. पण उठून सायकलवरच खाली आले ना? कुणी उचलून आणलं का मला?"

"बरं, मग जाड नक्षीचे घे."

"आणि रोज कामावर जाताना डांबरी रस्त्यावर दमछाक करून घेऊ? मधे बारीक नक्षी आणि कडेला जाड, तसले हवेत. रस्त्यावर पळतात आणि वळणावर माती धरतात. डोंगरावर जाताना हवा जरा कमी करायची, झालं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"पडल्यावर आपोआप कळतं."

"या, पुढे या," दुकानदार मुलाला म्हणाला. "कसली सायकल आहे तुमची?"

"माझी कुठली? आईची आहे! मी रविवारी पायथ्याशी तिची वाट बघत उभा असतो. आधी ही उतरते, तरणी पोरं मागून येतात. ती म्हणते तेच टायर द्या."