एकाच घशाची भुतं

ताई : म्हणजे तुझ्या गेममध्ये जिना चढून वर बसायचं, एवढंच? तीन संध्याकाळी मी तेच केलं. भुतं खाली घिरट्या घालतायत आणि मी वर बसून मटार सोलतेय.

बारक्या : भुतं नाहीत गं. झॉम्बी.

ताई : मेलेली माणसं चालायला लागली की मी त्यांना भुतंच म्हणते. बरं, ती पायऱ्या का चढत नाहीत?

बारक्या : राहून गेलं.

ताई : दोन वर्षं खपलास या गेमसाठी. त्यात पायऱ्या राहून गेल्या?

बारक्या : लोकांच्या शिव्या खाऊन झाल्यात ताई. एकाने लिहिलंय, या गेममध्ये जीव झॉम्बींपासून नाही, कंटाळ्यापासून वाचवावा लागतो. तू पण घाल दोन. पण तेवढ्यासाठी सुट्टी काढून इतक्या लांब आलीस, हे काही मला पटत नाही.

ताई : का? धाकट्या भावाने गेम बनवला. थोरल्या बहिणीने कौतुकाला येऊ नये?

बारक्या : कौतुकाला मोठी बॅग लागते?

ताई : कुठली बॅग?

बारक्या : दारामागची. सकाळी रिकामी होती. मी दूध आणायला गेलो तेवढ्यात तिच्यात अप्पांचे सदरे गेले.

ताई : बहिणीच्या बॅगा चाचपतोस?

बारक्या : तू माझा गेम चाचपतेस, तसंच.

ताई : सदऱ्यांचं मग बोलू. आधी मला सांग, त्या सगळ्या भुतांचा आवाज एकच कसा? म्हातारा, तरणा, फ्रॉकातली पोर, तो कुजका पोलीस. सगळ्यांना मिळून एकच घसा.

बारक्या : दुसरे आवाज घ्यायला जमलं नाही.

ताई : मग हा कुठून घेतलास?

बारक्या : तयार मिळतात. इंटरनेटवर.

ताई : कोण देतं?

बारक्या : असतात लोक. तू अशी का बघतेस?

ताई : तू कान खाजवतोयस. लहानपणी बरणीतला गूळ संपवलास तेव्हापासून खोटं बोलताना कान खाजवतोस.

बारक्या : कान खाजतोय म्हणून खाजवतोय.

ताई : बारक्या, पाणी कुठेतरी मुरतंय. मी दातांच्या डॉक्टरकडे काम करते. दिवसभर माणसांचं विव्हळणंच ऐकते. खुर्चीत बसायच्या आधीच विव्हळणारे वेगळे आणि खरंच कळ उठलेले वेगळे. तुझ्या भुताचं विव्हळणं नाटकी नाही. त्याला तोंड नीट मिटता येत नाही. डाव्या बाजूने हवा निसटते.

बारक्या : बरं मग?

ताई : आमच्या रिसेप्शनवरची मुलगी फोनवर खेळत होती. मी आत ट्रे धूत होते. आवाज आला आणि ट्रे पडला हातातून. 'अप्पा, काय झालं?' करत बाहेर धावले. बाहेर कोण अप्पा? तिच्या फोनमध्ये तो कुजका पोलीस, आणि तो माझ्या बापाच्या गळ्यातून ओरडतोय. ती पोरगी हसत होती रे. वेटिंगमधले दोन पेशंटही हसत होते.

बारक्या : हळू बोल. ते आत झोपलेत.

ताई : म्हणजे त्यांचाच आहे.

बारक्या : हो.

ताई : आणि इंटरनेट?

बारक्या : तुझ्या तोंडाला घाबरून बोललो.

ताई : कधीचा आहे तो?

बारक्या : म्हणजे?

ताई : न कळल्यासारखं करू नकोस. अप्पांना अर्धांगाचा झटका आला त्या दुपारचा आहे का?

बारक्या : ताई.

ताई : तू हेडफोन लावून कामाला बसला होतास. अप्पा पडलेले तुला उशिरा कळले, हे दवाखान्यात तूच रडत रडत सांगितलंस. तेव्हा तुझा माइक चालू होता का? माझा बाप तिथे जमिनीवर पडून ओरडत होता आणि ते तुझ्याकडे नोंदलं जात होतं? आणि मग तू ते वापरलंस?

बारक्या : हे तू तीन दिवस डोक्यात घेऊन फिरतेयस?

ताई : तीन रात्री झोप नाही मला. गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, ती पण वाचली. शेजारच्या कुत्र्याचं नाव आहे, का तर तो भुंकला. अप्पांचं नाही. काही काळंबेरं नव्हतं तर लपवलंस कशाला?

बारक्या : थांब. मूळ रेकॉर्डिंगच लावतो. काटछाट न केलेलं.

ताई : तू संगणकावर हवं ते करतोस. माझा काय भरवसा बसणार?

बारक्या : तुझ्या कानावर तर आहे ना तुझा भरवसा? ऐक.

ताई : हा ठोका कसला?

बारक्या : तूच ओळख.

ताई : काठीचा. अप्पांची काठी आहे ही. खाली रबर लावलेली.

बारक्या : काठी कुणी आणली त्यांना?

ताई : मी. दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी.

बारक्या : मग झटक्याच्या दुपारी ती घरात कुठून येणार?

ताई : पुन्हा लाव.

बारक्या : हं.

ताई : प्रत्येक वेळी आधी काठी आपटतायत, मग आवाज. भाजीबाजारात लिलाव पुकारताना फळीवर लाकूड आपटायचे, तसं.

बारक्या : एक वार, दोन वार.

ताई : आणि दोन वार म्हणून गप्प. कोबीच्या ढिगासाठी सगळ्या बाजाराचा जीव टांगणीला. कुणीतरी बोली वाढवायचाच.

बारक्या : आणि तिसरा पडला की ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरायचा नाही. ताई, मीच आवाज काढत होतो आधी. माइकसमोर बसून घसा फाडत होतो. अप्पा पलंगावरून ऐकत होते. दहा-बारा वेळा ऐकून घेतलं आणि मग काठी आपटली. बघतो तर पोटावर हात ठेवून मला दाखवतायत.

ताई : आवाज पोटातून काढ.

बारक्या : हाताखालच्या पोरांना बाजारात म्हणायचे तेच. मग स्वतःच काढून दाखवला. माइक हलला टेबलावरचा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काठी आपटून मला बोलवायला लागले.

ताई : आणि वाचा-उपचाराच्या बाई येतात, त्यांच्यासमोर तर तोंड उघडत नाहीत म्हणे.

बारक्या : बाई चांगल्या आहेत. पण सगळा बाजार ज्याच्या आवाजावर हलायचा, त्या माणसाने एका तरुण मुलीसमोर 'आ, आ' करायचं? त्याची लाज वाटायची त्यांना. भूत व्हायची नाही वाटली.

ताई : हे काय? मधेच खरखरलं.

बारक्या : खरखर नाही ती. पुढे ऐक.

ताई : हे तर...

बारक्या : हसतायत.

ताई : अप्पा?

बारक्या : चाळीस वेळा आवाज काढला त्यांनी. दर वेळी शेवटी हसू फुटायचं. मी सांगायचो, अप्पा, तुम्ही मेलेले आहात, भूक लागलीय, हसू नका. की आणखी हसायचे. हसू न फुटलेला असा एकच आवाज मिळाला. तोच सगळ्यांना लावला.

ताई : म्हणून एक घसा.

बारक्या : म्हणून.

ताई : झटका आल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलेलं नाही.

बारक्या : तू आलीस की ते आजारी असतात.

ताई : म्हणजे काय?

बारक्या : राग नको मानूस. तू येतेस, गोळ्या बघतेस, नाडी धरतेस, पदराने डोळे पुसतेस. मग तेही बिचारे आजाऱ्यासारखे पडून राहतात. तू गेलीस की उठून बसतात.

ताई : झोंबलं हे.

बारक्या : माहीत आहे.

ताई : आणि चाल? ती भुतं डावा पाय ओढतात. तेही माझ्या लक्षात आलंय.

बारक्या : चाल पण त्यांचीच. इथून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत रोज जातात. त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर पेपर उलटा-पालटा करतात आणि परत येतात. मागून चालत मी त्यांचा व्हिडिओ काढला आणि पाऊल न् पाऊल तसंच बसवलं.

ताई : आणि पायऱ्या?

बारक्या : अप्पा अजून पायऱ्या चढत नाहीत, ताई. मग ती तरी कशी चढणार?

ताई : दुसरं कुणी चढून दाखवलं असतं. तू स्वतः चढला असतास. गेम तरी धड झाला असता.

बारक्या : बसवून बघितलं. अर्ध्या जिन्यापर्यंत अप्पा आणि पुढे मी, असं दिसायला लागलं. नाही बघवलं मला. म्हटलं, राहू दे. ते चढतील तेव्हा चढतील.

ताई : म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्यास.

बारक्या : एकाने मात्र लिहिलं, बाकी सगळं टाकाऊ आहे, पण हा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. तेवढं अप्पांना वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं त्यांनी.

ताई : मग नाव का नाही घातलंस त्यांचं?

बारक्या : विचारलं होतं. काठी आडवी हलवली. लोकांनी त्यांचा बाजारातला आवाज लक्षात ठेवावा, हा नको, असं काहीतरी असेल.

ताई : आणि मला का नाही कळवलंस?

बारक्या : तू म्हणाली असतीस, आजारी बापाला भूत केलं.

ताई : म्हणालेच असते. वाट्टेल ते मनात आणलं मी तुझ्याबद्दल. त्याचं मला वाईट वाटतंय, हे आत्ताच बोलून टाकते, नाहीतर माझ्याकडून राहून जाईल.

बारक्या : मग सदरे?

ताई : सदरे बॅगेतच राहतील. आवाजाचं समजलं, पण तुझा गेम पडला, बारक्या. उद्या नोकरी बघशील, दिवसभर बाहेर राहशील. ते पुन्हा पडले तर उचलणार कोण? माझ्याकडे सासूबाई घरात असतात. मी जेवायच्या सुट्टीत येऊ शकते.

बारक्या : घरून करायचं काम शोधतोय मी.

ताई : मिळालं?

बारक्या : अजून नाही. पण तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

ताई : दोन माणसं सांगून ठेवलीत. खुर्चीत बसवून वर नेतील.

बारक्या : आणि खाली?

ताई : खाली कशाला?

बारक्या : तेच म्हणतोय. वर जाऊन बसलं की कुणी पोचत नाही, हे मघाशी तूच म्हणालीस. कुठला न्हावी, कुठला बाक. खिडकीतून खालची माणसं बघत बसायचं. गेल्या आठवड्यात न्हाव्याच्या दुकानाची एक पायरी ते चढले. धरून का होईना. मला त्या पायरीची काळजी वाटते, ताई. तुझ्याकडे नेलंस तर ती त्यांची शेवटची पायरी होईल.

ताई : हे आपण दोघंच ठरवतोय. ज्यांचे सदरे त्यांना विचारलं का कुणी?

बारक्या : बॅग भरताना तू तरी विचारलंस?

ताई : नाही विचारलं. आता विचारते. अप्पा, जागे आहात का? मी तुम्हाला न्यायला आले होते. सदरे भरलेत. येता माझ्याकडे?

(आतून काठीचे दोन ठोके.)

बारक्या : जागेच होते.

ताई : दोनवर थांबले.

बारक्या : लिलाव काढलाय त्यांनी. स्वतःचाच. वाढव बोली.

ताई : अप्पा, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर हवा छान येते.

बारक्या : गप्प आहेत. ही बोली नाही चालली.

ताई : सासूबाई मऊ भात करतात.

बारक्या : ही पण नाही.

ताई : बरं, अप्पा, ऐका. तुम्ही चढू नका. मीच उतरते. दर रविवारी इकडे येईन. बारक्याला काम लागलं की दिवसा थांबायला कुणीतरी ठेवू, तो खर्च माझ्याकडे. गोळ्या बघणार नाही, नाडी धरणार नाही. मला तेवढं एकदा भूत होऊन दाखवा. समोर बसून. हसलात तरी चालेल.

बारक्या : ऐकलंस?

ताई : तिसरा पडला ना?

बारक्या : पडला.

ताई : सदरे परत कपाटात ठेव. घड्या मोडू नकोस.