सांडणीचं वजन

जनावरांच्या दवाखान्यात एक शिक्षिकाबाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर उंटवाल्याची म्हातारी बायको होती. एवढ्यात अंगणातून उंटवाला येऊन तिच्याजवळ बसला. त्याच्या गळ्यात शिंप्याची फीत लोंबत होती.

"घेतलंत माप?" म्हातारीनं विचारलं.

"घेतलं. छातीचा घेर, वशिंडाचा घेर, खांद्याची उंची. त्यावरून डॉक्टरांनी पावणेचारशे किलो काढलं."

"एवढंच? आपली सांडणी पाचशेच्या खाली कधी नव्हती हो!"

"फीत कुणाची भीड धरत नाही गं."

"जरा जास्त सांगायचं. कायमचं झोपवायचं औषध वजनावर भरणार. कमी पडलं तर तिचा जीव जाता जाता अडकेल."

"सांगितलं दोन बोटं जास्त."

"पण खांद्याची उंची कशी मोजलीत? ती तर उठतही नव्हती."

"आज उठली."

"उठली? अहो, मग डॉक्टरांना थांबवा की! पोटातली गाठ उतरत असेल."

"नाही गं. छातीखालून फीत सारली, तर तिला वाटलं खोगिराचा पट्टा आवळतोय. कामाला निघायचंय असं समजून उठली बिचारी. पाय लटलटत होते, पण उठली."

दारातून कंपाउंडरनं हाक मारली.

"काका, इंजेक्शन भरलंय. पण ती अजून उभीच आहे. आमचं ऐकत नाही, तुम्ही येऊन बसवा."

"तू जा गं. मला नाही सांगवणार."

"माझ्या सांगण्यानं ती कधी बसलीय का?"

उंटवाला भिंतीला धरून उठला.