एकशे त्रेचाळीस पावणं

शशिधर : अप्पा, तुमच्या नावानं माझ्या सर्चमध्ये 'मोतीबिंदू ऑपरेशन' टाकलं आणि वर आलं काय, तर कुस्तीचं मैदान! त्याच्याखाली बुलेटचा सायलेन्सर. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची पार वाट लागली की.

भीमाप्पा : मी कुठं काय केलं? मंगळवारी डोळा कापणार हाईत माझा. दवाखान्यात म्हणाले, संगं माणूस आणा, एकटं आलासा तर परत पाठवू. तेवढंच बघाय शेजारनं तुझ्याकडं आलोय.

शशिधर : बघू की. आधी हे समजून घ्या. साधं सर्च साऱ्या जगाला एकच उत्तर देतं. माझं सर्च ऑर्कुटवरच्या तुमच्या ओळखीच्यांनी जे बघितलं, जे चांगलं म्हटलं, ते आधी वर आणतं. डॉक्टर शोधताना आपण मंगळवार पेठेत चार जणांना विचारतो ना, तसं. पण तुमच्या यादीत एकशे त्रेचाळीस जण! हा 'किंग राजवीर' कोण?

भीमाप्पा : कुणास ठावं.

शशिधर : मग ॲड कशाला केला?

भीमाप्पा : त्येनंच इचारलं, मैत्री करणार का म्हणून. दारात आलेल्या पावण्याला न्हाय म्हणू व्हय? माझी बायकू रत्नव्वा असती तर च्या पाजल्याबिगार सोडलं नसतं तिनं.

शशिधर : हे घर नाही, अप्पा. ही माणसं काढल्याशिवाय उत्तर नीट यायचं नाही. मी एकेक नाव वाचतो. ओळखीचा असेल तर 'ऱ्हाऊ दे' म्हणा.

भीमाप्पा : वाच.

(बराच वेळ नुसती नावं आणि माउसचा टकटकाट.)

शशिधर : झाली यादी.

भीमाप्पा : कितीजण ऱ्हायलं?

शशिधर : मी.

भीमाप्पा : आन् बसवेश?

शशिधर : बसवेशदादाला तुमची रिक्वेस्ट दिवाळीतच गेलीय. त्यानं अजून घेतली नाही.

भीमाप्पा : बघितली नसंल. बेंगळुरात काम लई असतंय त्येला.

शशिधर : पोटचा पोरगा आहे, फोन करा की.

भीमाप्पा : केलता. मीटिंगमधी हुता. नंतर करतो म्हणाला. त्येला आज आठवडा झाला.

शशिधर : बरं. आता टाका परत, 'मोतीबिंदू'.

भीमाप्पा : डॉक्टर कवाच ठरलाय. मला दुसरं इचारायचंय. सरक, माझं मी टाइप करतो.

शशिधर : 'मंगळवारी दवाखान्यात... माझ्यासंगं... कोण येतंय?' अहो अप्पा, सर्चला असं विचारत नसतात!

भीमाप्पा : ओळखीच्यास्नी इचारतंय, असं तूच म्हणालास न्हवं? घरात भिंतीला इचारून दमलो. हितं तर कोण ऐकंल.

शशिधर : मी आलो असतो, अप्पा. शप्पथ. पण मंगळवारीच ह्या प्रोजेक्टचं सबमिशन आहे.

भीमाप्पा : नगं नगं, तू तुझं शिक्षान बघ. दाब ते बटण.

शशिधर : दाबलं. ...काही आलं नाही.

भीमाप्पा : मघाच्या पावण्यास्नी काढाय नको हुतं. येखादा आलाबी असता.

शशिधर : परत घेऊ का त्यांना?

भीमाप्पा : हाकललेल्या माणसाला कुठल्या तोंडानं बोलवू? ऱ्हाऊ दे.

शशिधर : मग बंद करू?

भीमाप्पा : थांब की वाईच. थोड्या येळानं परत दाब. दुपार हाय, बसवेश जेवाय गेला असंल.