पन्नास ठोके होईपर्यंत बोलायचं नाही

—नाही, नाही, बोलायचं नाही. जीभ बाहेर. अजून— हां. मनगट इकडे, उशीवर. पन्नास ठोके मोजून होईपर्यंत या टेबलाशी कुणी बोलत नाही, आजोबांपासूनचा नियम आहे. काय होतंय ते सांगायची गरजच नाही, नाक दाबून आत आलात तेव्हाच कळलं मला. अख्ख्या लशान शहरात नाक म्हटलं की वैद्य फान. डोक्यावर पिवळं हेल्मेट, म्हणजे बांधकामावर. सिमेंटची धूळ. झालं, अर्धं निदान दारातच झालं.

तुम्ही आजचे चौथे. आधीच्या तिघांनी काय केलं माहितीय? आले, उंबऱ्यावर उभे राहिले, नाकाला रुमाल लावला— आणि पळाले! त्या श्यांगबाई, शाळेत शिकवतात, सहा महिने माझा काढा पितायत, आज दारातूनच 'शीऽ' करून गेल्या. शेजारची नूडलवाली निए मावशी तर रस्त्यावरून हातवारे करत ओरडत होती. मी खिडकी लावून घेतली. तिचा जावई समोर दवाखाना टाकून बसलाय ना, नाकात दुर्बीण घालतो आणि पडद्यावर दाखवतो म्हणे. अहो, नाक काय सिनेमा आहे? पण लोकांना तेच हवं. आणि आमचा मुलगा रोज फोनवर— बाबा, दुकान बंद करा, शेनझेनला या. आज एकही पेशंट टिकला नाही ना, तर उद्या बंदच करतो, सांगून ठेवलंय त्याला. म्हणून तुम्ही हलायचं नाही.

खिशात काय टिकटिकतंय? फोन? बंद करा, मोजणी चुकते माझी. वाढतच चाललंय की ते! हल्लीच्या माणसांना पन्नास ठोके दम निघत नाही. जाऊ दे. जिभेवर थर पातळ, पांढरा— थंडी. पण नाडी… नाडी तारेसारखी ताणलीय, आणि धावतेय. ही थंडीची नाडी नाही हो. ही भीतीची. कसली एवढी भीती वाटते? सुईची? डोळे मोठे करू नका. मागे काय दाखवताय— संडास? आहे, स्वयंपाकघराच्या पलीकडे. आधी नाडी.

आता राहिलं हुंगणं. खरं तर तेच महत्त्वाचं. नाकातल्या पाण्याला वास नाही तर थंडी, कुजका वास आला तर उष्णता वर चढलीय— सगळं त्यावर. ते मी… म्हणजे ते आमची ही करायची. तिथं पडद्याजवळ लसूण सोलत बसायची. पेशंटनं श्वास सोडला की सुरीनं फळीवर टकटक. एकदा म्हणजे थंडी, दोनदा म्हणजे उष्णता. लोकांना वाटायचं म्हातारीला चाळा आहे. मला? मला तीन वर्षं झाली, गुलाब आणि गटार सारखंच. ताप आला, वास गेला, परत आलाच नाही. नाकाचा वैद्य! सांगायची सोय आहे का कुणाला? स्वतःला बावीस तऱ्हेचे काढे देऊन झाले. आणि ही बसलीय शेनझेनला नातू सांभाळत, दोन महिने झाले. फोनवरून हुंगता येत नाही ना. हे मी तुम्हाला का सांगतोय? तुमची जीभ बाहेर आहे म्हणून सांगतोय.

काढा मात्र तयार आहे, मॅग्नोलियाच्या कळ्यांचा. सकाळपासून आत गॅसवर ठेवलाय. एकदा उतू गेला, फस्सकन आवाज आला, आणि मग जो शांत झाला तो झालाच. शहाणा काढा. तो गाळेपर्यंत नाकाच्या बाजूला जरा शेक देतो, ही पाल्याची कांडी बघा, नुसती पेटवायची आणि लांबून— लायटर कुठं गेला— हां, हा काय.

—अहो! अहो, हात सोडा! लायटर का हिसकावला? कुठं निघालात आत? एकेचाळीसच झालेत! आणि खिडक्या कशाला उघडताय, थंडी आहे तुमच्या नाकाला!

…

शेगडी विझली होती?

सकाळपासून?

हां. म्हणजे ते हेल्मेट गॅस कंपनीचं… आणि ते टिकटिक… निए मावशीनं बोलावलं का तुम्हाला? हां.

थांबा, बसू द्या जरा मला. तर तुम्हाला दारातूनच आला वास? नाही? कोपऱ्यावरून? कोपऱ्यावरून! कधी सर्दीबिर्दी होते का तुम्हाला? नाहीच होत? बघा, नाक म्हणजे हे. मग सकाळी नऊ ते बारा इथं बसाल का? पडद्याजवळ. लसूण सोलला नाही तरी चालेल. एकदा टकटक, दोनदा टकटक, बस. हसताय काय?

बरं. नको तर नको. जा मग. निए मावशीला सांगा, वैद्यांना आधीच आला होता वास, ते तुमची परीक्षा बघत होते. आणि दार उघडंच ठेवा.

अहो—

गेला का तो वास?

अहो, हेल्मेटवाले… गेला का?