संगमरवरावरची बाटली

बेळगुंदीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी होत्या. शहरात धुणीभांडी करून, फरशी पुसून परतणाऱ्या जयाबाई आणि त्यांची शेजारीण नीलम.

"आक्का, कामावरनं काढलं म्हणं तुला?" नीलमनं विचारलं.

"काढलं. नवा संगमरवर मी नासवला म्हणं. बाटली बाईसाहेबांनीच दिलती, संडास घासायची! मी म्हटलं, ह्यात अ‍ॅसिड हाय, दगड खाईल."

"मग?"

"म्हणाल्या, शेणानं सारवणाऱ्या बाईनं मला संगमरवर शिकवू नये. चार शेजारणी बसलेल्या, चहा पीत."

"आणि चमक गेल्यावर तुझ्यावर ढकललं!"

"व्हय गं! सोळा वर्सं पुसलं त्यांचं घर. अंगणातल्या शहाबादी फरशीला धुण्याचा सोडा, आतल्या जुन्या लाल कोब्याला नुस्तं पाणी. एक डाग दावा म्हणावं!"

तेवढ्यात जयाबाईंचा फोन वाजला.

"बोला बाईसाहेब... लिंबू? अवो न्हाय, लिंबू आणिक खाईल त्याला! साध्या पाण्यानं पुसा, लगेच कोरडं करा... उद्या? येते की. पण त्या चौघींना आधी चहाला बोलवा. बाटली कुणी दिलती, ते त्यांच्यासमोर तुमी सांगायचं. मगच मी फडक्याला हात लावणार."