चार मैलांवर बंद पडणारी स्कूटर

आमचं मूळ गाव मालवणाकडे. बापूस गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, भोईवाड्यात एका खोलीत आम्ही सातजण, पण मी गिरणीत गेलो नाही, कापसाने बापसाची छाती गेलेली बघितली ना, म्हणून परळच्या एका गॅरेजात स्कूटरी खोलायला शिकलो. तेव्हा स्कूटरी होत्या किती, बोटावर मोजण्याएवढ्या, त्यामुळे कुठली कुणाची ते आवाजावरून कळायचं.

आता विजयकरांचं सांगतो. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, आमच्या गल्लीत बैठका व्हायच्या, बैठक झाली की दुसऱ्या दिवशी पोलीस हजर, चाळीतली तिघं उचलली, मीसुद्धा चार दिवस आत होतो. कुणीतरी फितूर आहे, एवढंच सगळ्यांच्या तोंडी. आणि हे विजयकर, गिरगावातले, इस्त्रीचे कपडे, आठवड्यातनं दोन-तीनदा त्यांची स्कूटर नेमकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडायची. उतरायचे, टाकीचं झाकण उघडून आत बघायचे, आणि मग गाडी आपोआप सुरू. काय सांगू तुम्हाला, बिघडलेली गाडी अशी सुरू होते काय?

गणपत आमचा पुढारी. तो मला म्हणाला, तू गाडी बघ, बिघाड नसला तर फक्त सांग, पुढचं आम्ही बघतो. पुढचं म्हणजे काय ते मला कळत होतं. घरी आवशीला, म्हणजे आईला, सांगितलं तर ती म्हणाली, झिला, माणसाचो जीव आसा, बघून बोल.

पुढच्या खेपेला गाडी बंद पडली तशी मी ती गॅरेजात घेतली. प्लग काढला, काजळी नाही, चांगला तपकिरी. कार्बोरेटरचं जेट फुंकलं, साफ. पेट्रोलमध्ये ऑइल बरोबर. टाकीचं झाकण काढून ठेवलेलं, इंजिन अर्धा तास सुरू ठेवलं, चूक नाही की खोट नाही. मला वाटलं, झालं, हाच तो. विजयकर स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होते, नजर हलवत नव्हते, मागाहून कळलं की त्यांना वाटायचं आम्हीच गाडीत काहीतरी घालतो.

तरी म्हटलं, एकदा चालवून बघू. झाकण लावलं, त्यांना मागे बसवलं आणि वरळी कोळीवाड्याकडे निघालो. मनात हेच, की हा मागनं पेट्रोलचा कॉक तर बंद करत नाही? म्हणून मी त्यांना दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवायला लावले. चारेक मैल झाले, सुकटीचा वास यायला लागला आणि गाडी बंद. हात खांद्यावरच होते. उतरून झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाला बारीक भोक असतं, हवा आत जायला, नाहीतर पेट्रोल खाली उतरत नाही. ते भोक मेणाच्या पॉलिशने बुजलेलं, म्हणून चार मैल झाले की गाडी बंद, गिरगाव ते आमची गल्ली तेवढंच अंतर, आणि झाकण उघडलं की सुरू. दर रविवारी स्वतः चकचकीत करायचे ना गाडी.

मी तारेने भोक मोकळं केलं आणि विचारलं, तुम्ही आमच्याकडे येता कशाला? मग म्हणाले, माझी बहीण तुमच्या पलीकडच्या चाळीत राहते, गिरणीतल्या माणसाशी लग्न केलं, घरचे तिचं नाव घेत नाहीत. तिला क्षय झालाय. औषध देऊन जातो, घरी कळलं तर तेही बंद होईल.

गणपतला मी झाकणाचं सांगितलं, बहिणीचं नाही सांगितलं, तसा शब्द दिला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, भोक काय, बरं. विजयकरांना कुणी हात लावला नाही, पण त्या दिवसापासून बैठकीत मी गेलो की बोलणं थांबायचं. फितूर कोण ते कधीच कळलं नाही.

महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, विजयकरांची बहीण बरी झाली नाही, गेली. मी पुढे स्वतःचं गॅरेज काढलं. हल्लीच गणपत गेला. शेवटी अंथरुणाला खिळलेला, मी रोज जाऊन बसायचो. एक दिवस हळूच म्हणाला, आता तरी खरं सांग, त्या विजयकरने तुला काय दिलं होतं? मी म्हटलं, काही नाही रे. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी पांघरूण सारखं करून बसून राहिलो. काय करणार. देव त्याला शांती देवो.