कडोदऱ्याच्या व्हॅनचा टेन्शनर

ताई-मावश्यांनो, भाऊंनो,

कामाचा खाडा करून आलात. बसा, उभं राहू नका. मला बोलायची सवय नाही. जन्म लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात गेला, कानही तिथेच गेले; कोणी कानाशी ओरडलं किंवा ओठ दिसले तरच कळतं. चारचौघांत माझ्या वाटचं माझी बायकोच बोलायची. आज तिच्याविषयी बोलायचंय, आणि तीच नाही.

तुमच्यातल्या कितीतरी जणी रोज ती चालवायची त्या व्हॅनमधून कोसाडहून कडोदऱ्याला कामावर गेलात. मागच्या उन्हाळ्यात ती व्हॅन किंचाळायला लागली होती, आठवतं? सकाळी चालू केली की अख्खी कॉलनी जागी. झोपलेला मी एकटाच.

गॅरेजवाल्याने पट्टा बदलला. थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यानेही पट्टाच बदलला. आणि एक दिवस हायवेवर पट्टा तुटला, इंजिन तापलं, तुम्ही सगळ्या उन्हात उभ्या. तुमचा गुजराती ठेकेदार तिला म्हणाला, "बेन, सोमवारपासून मी दुसरी गाडी लावतो."

ती घरी आली. जेवली नाही. तिसरा पट्टा बसवून आणला, तरी किंचाळणं होतंच. रविवारी सकाळी मला म्हणाली, "चला खाली."

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय? मला तर आवाजही येत नाही."

"आवाज मी ऐकस," ती म्हणाली. "तुम्ही हात लावा."

आमच्या घरात अहिराणीच. मूलबाळ नाही, आम्ही दोघंच बोलणारे, दोघंच ऐकणारे.

तिने बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. मी फिरत्या पट्ट्यावर लांबूनच थोडं पाणी टाकलं. ती माझ्या कानाशी ओरडली, "वाढना! आवाज वाढना!" पाण्याने आवाज वाढला, म्हणजे पट्टा सैल राहून सटकत होता. पण पट्टा तर नवा. मग सैल कशाने? पट्टा ताणून धरणारी एक पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. मी तिकडे पाहिलं. त्या पुलीचा दांडा थरथरत होता, म्हाताऱ्याच्या हातासारखा.

इंजिन बंद केलं, पट्टा काढला. ती पुली मी बोटाने फिरवली. आत वाळू भरल्यासारखी खरखर हाताला लागली. लूमवर असल्या पुल्या खूप फिरवल्यात मी. म्हटलं, "बेअरिंग गेलंय. स्प्रिंगही मेली." तिने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि रिक्षा करून उधन्याहून नवा टेन्शनर आणला.

बसवताना दोघं लागतात. एकाने पाना लावून दांडा मागे दाबून धरायचा, दुसऱ्याने पट्टा चढवायचा. मी धरला. "सोडू नका बरं," ती म्हणत राहिली. नाही सोडला. पट्टा बसला. तिने व्हॅन चालू केली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत बसली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिचा चेहरा बघत होतो. तो हळूहळू सैलावला, तेव्हा मला कळलं, व्हॅन बरी झाली.

सोमवारी तुम्हाला घेऊन तीच कडोदऱ्याला गेली.

परवा दुपारी ती स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. चहा का येत नाही म्हणून उठून गेलो, तर ती खाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, झटका होता, लगेच गेली. पण तिने हाक मारली असेल का हो? शेजारच्या बाई म्हणाल्या, आम्हालाही काही ऐकू आलं नाही. त्या बिचाऱ्या मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असतील.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायची रीत आहे. पण शांतता माझ्या घरी पुष्कळ झाली. म्हणून मागणं एवढंच. उभे राहा, आणि तुम्ही तिला जे म्हणत होता, ताई, मावशी, बेन, त्या नावाने एकेकदा हाक मारा. शेवटी मी मारीन. इतक्या वर्षांत मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत.

कमल.